पुण्याचं ओळखपत्र, बोगोटाचा वजनकाटा



अभ्यास दौरा हा शब्द आपल्या गटांना आता नवा राहिलेला नाही. शेजारच्या तालुक्यातला गट शेवया करतो, कुणी गांडूळखत करतो, कुणी दूध गोळा करतो, असं कळलं की एखादी गाडी ठरते आणि डबे बांधून आपण निघतो. तिथं नारळ देऊन स्वागत होतं, चहा होतो, फोटो निघतात. परत आल्यावर कधी त्यातून आपल्या गावात काही उभं राहतं, तर कधी नुसते फोटोच उरतात. असं का होतं?

हे समजून घ्यायला आज एका लांबच्या देवाणघेवाणीचा इतिहास बघू या. ही देवाणघेवाण झाली पुणे आणि बोगोटा या दोन शहरांत. बोगोटा ही दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशाची राजधानी. मधे समुद्र, भाषा वेगळी, धर्म वेगळा, खाणं वेगळं. आणि ज्यांनी ही देवाणघेवाण केली त्या कुणी शिकल्यासवरल्या अधिकारी नव्हत्या. रस्त्यावरचा कागद, काच, पत्रा वेचून पोट भरणारी ही माणसं होती, आणि पुण्याच्या बाजूला तर त्यात बहुतेक बायाच होत्या.

दुष्काळातून उकिरड्यावर

ही गोष्ट तशी आपल्या गावांतूनच सुरू होते. १९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या म्हाताऱ्या बायांना आठवत असेल. खडी फोडायची कामं, सुकडी, तांबडा मिलो. त्या दुष्काळात आणि त्यानंतरच्या वर्षांत मराठवाडा, सोलापूर, नगर या भागांतली कितीतरी कुटुंबं पुण्या-मुंबईकडे गेली. ज्यांच्याकडे जमीन नव्हती ती आधी गेली. त्यात मातंग आणि बौद्ध समाजातली घरं पुष्कळ होती.

शहरात गेल्यावर पुरुषाला हमाली, बिगारी मिळाली तर मिळाली. बाईला काय मिळणार? अमुक जातीची म्हटल्यावर भांडी घासायलाही घरात घ्यायला लोक कचरत. मग पोतं खांद्यावर टाकून कचराकुंडीवर जायचं, कागद, काच, पत्रा, प्लास्टिक वेगळं करायचं आणि भंगारवाल्याला विकायचं, हे काम तिच्या वाट्याला आलं. या कामाला भांडवल लागत नाही, कुणाची चिठ्ठी लागत नाही आणि जातही कुणी विचारत नाही. मात्र कुत्रं चावतं, काच लागते, पोलीस चोर समजून हटकतो, आणि भंगारवाला काट्यात मारतो. शिवाय घरी पोरं असतात, ती आईच्या मागे कचऱ्यातच वाढतात.

१९९० च्या सुमाराला पुण्यातल्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या या मुलांना शिकवायला वस्तीत जायला लागल्या. पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण ही त्यांतली दोन नावं. शिकवता शिकवता त्यांच्या लक्षात आलं की नुसत्या पाटी-पेन्सिलीनं भागणार नाही. आईची कमाई वाढल्याशिवाय पोरगं शाळेत टिकत नाही. आणि आईची कमाई का कमी? कारण तिला मिळतो तो खरकट्यात भिजलेला, चिखलात मळलेला माल. तोच कागद कोरडा मिळाला तर भाव जास्त येतो.

म्हणून एक साधा उपाय करून पाहिला. कोरेगाव पार्कमधल्या काही घरांना सांगितलं, की ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा, या बाया दारात येऊन घेऊन जातील. बायांचा वेळ वाचला, माल स्वच्छ मिळाला, कमाई वाढली. पण बरं चाललंय म्हटल्यावर त्याच भागात एक जण मोटार घेऊन कचरा गोळा करायला उतरला. बायांनी ते काम अडवलं. या कचऱ्यावर आमचं पोट आहे, तो गाडीत भरून नेलात तर आम्ही काय खायचं, हा त्यांचा सवाल होता. मैत्रिणींनो, हा सवाल लक्षात ठेवा. पुढं तो जगभर ऐकू येणार आहे.

पंचायत उभी राहिली

एकीनं सवाल विचारला तर तिला हुसकावून लावता येतं. म्हणून १९९३ साली पुण्यात कचरावेचकांचं मोठं अधिवेशन भरलं. हमाल पंचायतीचे बाबा आढाव पाठीशी उभे राहिले. बाबांना आपण ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळीमुळे ओळखतो. हमालांची संघटना बांधायचा त्यांचा अनुभव कित्येक वर्षांचा होता. त्या अधिवेशनातून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना निघाली.

आता गंमत बघा. या पंचायतीनं पहिली मोठी मागणी कसली केली? पगाराची नाही, घराचीही नाही. मागितलं ते ओळखपत्र. बायांच्या फोटोचं, नावाचं कार्ड, आणि त्याला महापालिकेची मान्यता. १९९५-९६ च्या सुमाराला पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी ती दिली. देशात असं पहिल्यांदाच झालं. त्या कार्डानं भाव वाढला नाही, पण पोलिसानं हटकलं तर दाखवायला हातात काहीतरी आलं. मी चोर नाही, मी कामगार आहे, असं ते कार्ड सांगत होतं.

दुसरी गोष्ट पंचायतीनं केली ती हिशोबाची. बाया रोज किती किलो माल उचलतात? तो त्यांनी उचलला नसता तर महापालिकेला ट्रक लावून वाहून न्यावा लागला असता. मग महापालिकेचं डिझेल किती वाचलं, मजुरी किती वाचली? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीनं २००१ मध्ये याचा अभ्यास झाला. आजवर जिला लोक ‘कचरेवाली’ म्हणून नाक मुरडत होते ती बाई शहराला रोज फुकट सेवा देतेय, हे कागदावर आलं. त्या हिशोबाच्या जोरावर २००२-०३ मध्ये पुणे महापालिकेनं या कामगारांचा आरोग्य विमा काढला आणि हप्ता स्वतः भरला. विनवणीनं जे मिळालं नसतं ते आकड्यांनी मिळवून दिलं.

मधल्या काळात, २००० साली, केंद्र सरकारचे घनकचऱ्याचे नियम आले. दारोदार जाऊन कचरा गोळा करणं शहरांना बंधनकारक झालं. म्हणजे जे काम बाया आधीपासून करत होत्या तेच आता सरकारी काम झालं, आणि काम सरकारी झालं की कंत्राटदार येतो. पंचायतीनं त्याआधीच पाऊल टाकलं. कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था काढली. तिचं नाव ‘स्वच्छ’. २००८ मध्ये या संस्थेचा पुणे महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. बाया ढकलगाडी घेऊन दारोदार जाणार, प्रत्येक घर महिन्याला ठरलेलं शुल्क त्यांना देणार, आणि सुक्या कचऱ्यातून निघालेला माल विकून येणारे पैसेही बायांचेच. महापालिका गाड्या, हातमोजे आणि माल वेगळा करायला जागा देणार. कचराकुंडीत उतरणारी बाई आता दाराची बेल वाजवू लागली. आज या संस्थेत तीन हजारांहून जास्त सभासद आहेत.

तिकडे बोगोटात

आता कोलंबियात जाऊ. तिथंही गावाकडून माणसं शहरात येत होती. आपल्याकडे दुष्काळानं हाकललं, तिकडे बऱ्याच जणांना बंदुकीनं हाकललं. त्या देशात कित्येक दशकं सरकार, बंडखोर आणि खासगी टोळ्या यांच्यात लढाई चालू होती, आणि जीव वाचवायला खेड्यातली माणसं बोगोटाला पळत होती. त्यांतली पुष्कळशी कचऱ्यावर आली. काही जण हातगाडीनं, तर काही घोड्याच्या गाडीनं माल गोळा करत.

तिथला एक दिवस फार काळा आहे. १ मार्च १९९२. बारान्किया नावाच्या शहरात एका विद्यापीठाच्या आवारात पहारेकऱ्यांनी कचरावेचकांना पुठ्ठा देतो म्हणून आत बोलावलं आणि मारून टाकलं. त्यांची प्रेतं वैद्यकीय अभ्यासासाठी विकायची होती. एक जण मेल्याचं सोंग करून पडून राहिला, तिथून निसटला आणि त्यानं बोंब मारली, म्हणून जगाला कळलं. गरिबाचं मढंसुद्धा विकायला निघाले होते. आज १ मार्च हा दिवस जगभर कचरावेचकांचा दिवस म्हणून पाळला जातो, तो या माणसांच्या आठवणीसाठी.

बोगोटातल्या कचरावेचकांची संघटना १९९० सालची, म्हणजे आपल्या पंचायतीच्या जराशी आधीची. तिच्या पुढाऱ्यांपैकी एक नोहरा पादिया. हे काम करणारी तिच्या घरातली ती तिसरी पिढी. त्यांची लढाई पुण्यापेक्षा वेगळ्या वाटेनं गेली. बोगोटा शहरानं साफसफाईचं कंत्राट काढलं, त्यात अटी अशा होत्या की मोठ्या कंपन्याच भाग घेऊ शकतील. संघटना न्यायालयात गेली. कोलंबियाच्या घटनेत अशी सोय आहे, की आपल्या मूलभूत हक्कावर घाला आला तर साधा माणूससुद्धा लहानसा अर्ज करून न्यायालयात दाद मागू शकतो. २००३ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं सांगितलं, की पिढ्यान्‌पिढ्या या कामावर जगणाऱ्यांना वगळून कंत्राट काढणं चूक आहे. शहरानं पुढंही तेच केलं, संघटना पुन्हा पुन्हा न्यायालयात गेली. शेवटी डिसेंबर २०११ मध्ये न्यायालयानं अब्जावधी रुपयांच्या किमतीचं कंत्राट थांबवलं आणि शहराला सांगितलं, की आधी या कामगारांना व्यवस्थेत घ्या, त्यांच्या कामाचे पैसे द्या.

मार्च २०१३ मध्ये पहिले पैसे वाटले गेले. पद्धत अशी, की कामगारानं माल अधिकृत काट्यावर मोजायचा, त्याची नोंद व्हायची आणि वजनाप्रमाणे शहरानं सेवेचे पैसे द्यायचे. माल विकून मिळणारे पैसे वेगळे, हे सेवेचे वेगळे. कंपनीच्या ट्रकला टनामागं पैसे मिळतात, मग हातगाडीवाल्याला का नकोत? इतका सरळ मुद्दा होता. २०१६ मध्ये सरकारी हुकूम निघून ही पद्धत देशभर लागू झाली.

गाठ पडली ती अशी

या दोन वाटा मार्च २००८ मध्ये एकत्र आल्या. बोगोटात कचरावेचकांची पहिली जागतिक परिषद भरली. लॅटिन अमेरिकेतले देश, आफ्रिका, आशिया मिळून तीसपेक्षा जास्त देशांतली माणसं आली. पुण्याची पंचायतही गेली.

जरा विचार करा. ज्या कामाची आपल्या गल्लीत लाज वाटते ते काम करणारी माणसं ब्राझीलमध्ये आहेत, इजिप्तमध्ये आहेत, दक्षिण आफ्रिकेत आहेत, आणि त्यांनाही काच लागते, पोलीस हटकतो, दलाल काट्यात मारतो, हे डोळ्यांनी दिसणं केवढी मोठी गोष्ट आहे. जिला आजवर आपलं दुःख आपल्या नशिबाचं वाटत होतं तिला पहिल्यांदा कळतं, की ही नशिबाची गोष्ट नाही. जगभर कचऱ्याचा धंदा असाच चालतो आणि म्हणून तो बदलायलाही एकत्रच लागावं लागेल.

तिथं कुणी काय मांडलं ते बघू.

ब्राझीलच्या कामगारांकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. बेलो होरिझोन्ते शहरात १९९० मध्ये त्यांची संघटना निघाली होती आणि ती महापालिकेबरोबर काम करत होती. २००१ मध्ये त्यांची राष्ट्रीय चळवळ उभी राहिली. २००२ मध्ये सरकारनं व्यवसायांच्या अधिकृत यादीत ‘कचरावेचक’ हा व्यवसाय घातला. २००६ मध्ये हुकूम निघाला, की केंद्र सरकारच्या कार्यालयांतला सुका कचरा या कामगारांच्या सहकारी संस्थांनाच द्यायचा.

इजिप्तची गोष्ट सावध करणारी होती. कैरो शहरात झब्बालीन नावाचा समाज पिढ्यान्‌पिढ्या दारोदार कचरा गोळा करतो. गोळा केलेल्यातलं ऐंशी टक्के ते पुन्हा वापरात आणत, असं सांगतात. २००३ च्या सुमाराला सरकारनं परदेशी कंपन्यांना कंत्राटं दिली. कंपन्यांनी दारोदार जाणं सोडून रस्त्यावर डबे ठेवले. लोकांची सवय मोडली, झब्बालीनांचा माल गेला, आणि शहर काही स्वच्छ झालं नाही. एका हुकमानं पिढ्यांची व्यवस्था कशी मोडते, ते यात दिसतं.

पुण्याकडे ओळखपत्र होतं, फुकट सेवेचा हिशोब होता आणि दारोदार जाणारी, बायांच्या मालकीची सहकारी संस्था होती.

काय आणलं, काय सोडलं

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. या भेटीगाठींतून कुणी काय उचललं?

सगळ्यात ठळक उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. तिथून काही कामगार बोगोटाला आले होते. तोवर त्यांच्या देशात कचरावेचकांची राष्ट्रीय संघटना नव्हती. परत गेल्यावर ते गावोगावच्या कचरा डेपोंवर फिरले, आणि २००९ मध्ये सासोलबर्ग शहरात देशातल्या कचरावेचकांची पहिली राष्ट्रीय बैठक झाली. तिथून त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. लक्षात घ्या, त्यांनी पुण्याची नक्कल केली नाही. त्यांची बरीच माणसं दारोदार जात नव्हती, ती डेपोच्या ढिगाऱ्यावर काम करत. घरटी शुल्काची आपली पद्धत तिथं जशीच्या तशी बसली नसती. त्यांनी पद्धत उचलली नाही, एकत्र यायची कल्पना उचलली. आधी संघटना, मग बाकीचं.

बोगोटाचा न्यायालयाचा मार्गही आपल्याला जसाच्या तसा आणता आला नसता. त्यांची घटना वेगळी, न्यायालयाची रीत वेगळी. पण निकालामागचा विचार सीमा ओलांडून येऊ शकतो. ज्यांनी हे काम आधीपासून केलं त्यांचा या कामावर पहिला हक्क. आपल्या देशाच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरावेचकांची व्याख्या आली आणि त्यांना व्यवस्थेत सामील करून घ्यायची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. ते काही एका परदेशी निकालामुळे झालं नाही, देशातल्या संघटनांनी वर्षानुवर्षं लावून धरलं म्हणून झालं. पण जगात दुसरीकडे हे होतं, न्यायालयं हे मानतात, असं सांगता येणं हा मोठा आधार असतो.

पुढं येणंजाणं वाढत गेलं. डिसेंबर २००९ मध्ये कोपनहेगनला हवामान बदलाची जागतिक परिषद होती. तिथं भारत आणि लॅटिन अमेरिकेतले कचरावेचक एकत्र गेले. कचरा जाळून वीज करणाऱ्या कारखान्यांना ‘पर्यावरण वाचवतात’ म्हणून पैसा मिळत होता. त्याला त्यांनी विरोध केला. कागद, प्लास्टिक जाळलं तर धूर होतो आणि आमचं पोट जातं, वेगळं करून पुन्हा वापरलं तर दोन्ही वाचतं, असं त्यांचं म्हणणं. एप्रिल २०१२ मध्ये वेगवेगळ्या देशांतले कचरावेचक पुण्यात जमले. आता यजमान आपल्या बाया होत्या. ज्यांच्या आया-सासवा दुष्काळात गाव सोडून आल्या, त्यांच्या गल्ल्या बघायला दुसऱ्या खंडांतून माणसं आली. आणि २०२४ मध्ये अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्स शहरात या सगळ्या संघटनांची रीतसर आंतरराष्ट्रीय संघटना झाली, स्वतःच्या घटनेसकट.

पुण्याच्या बायांनी काढलेली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या सगळ्यांशी जोडलेली आहे. वापरलेले सॅनिटरी पॅड लोक तसेच कचऱ्यात टाकतात आणि ते उघड्या हातानं दुसऱ्या बाईला वेगळे करावे लागतात. ‘स्वच्छ’च्या बायांनी मोहीम काढली, की पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. लाल ठिपका दिसला की बाई ते पुडकं उघडत नाही. जुन्या कागदाच्या खास पिशव्याही त्यांनी तयार करून विकल्या. आणि पॅड बनवणाऱ्या कंपन्यांच्या दारात जाऊन विचारलं, की माल तुमचा, नफा तुमचा, मग विल्हेवाटीची जबाबदारी कुणाची? एक लाल ठिपका काढायला पैसे लागत नाहीत. तो कुठल्याही गावात, कुठल्याही देशात चालतो. सगळ्यात सहज सीमा ओलांडतात त्या अशा गोष्टी.

सगळं गोड नाही

ही गोष्ट जिंकल्याची म्हणून सांगून मोकळं होता येत नाही. बोगोटात सेवेचे पैसे मिळायला लागल्यावर भंगाराच्या व्यापाऱ्यांनीही कामगारांच्या नावानं संस्था काढून त्यात हात घालायचा प्रयत्न केला. जिथं पैसा दिसतो तिथं दलाल येतो. खरा कामगार कोण, हे ठरवायची यादी कुणाच्या हातात आहे, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणजे फिरून ओळखपत्रापाशीच आलो.

पुण्यातही करार संपत आला की दर वेळी डोक्यावर तलवार लटकते. २०२० च्या अखेरीला कराराची मुदत संपली तेव्हा काम खासगी कंत्राटदाराला द्यायची चर्चा पुन्हा सुरू झाली, आणि बायांना पुन्हा रस्त्यावर यावं लागलं. ज्यांच्या दारात त्या रोज जातात ती घरं त्यांच्या बाजूनं बोलली, याचा मोठा आधार झाला. तीस वर्षांचं काम असूनही हक्क कायमचा झालेला नाही.

आणि शहराचा कचरा शेवटी जातो कुठं? पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत टाकला गेला. तिथल्या विहिरी खराब झाल्या, वासानं जगणं मुश्कील झालं, गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहरातली बाई जेवढा माल वेगळा करते तेवढा कुठल्यातरी गावाच्या डोक्यावरचा ढीग कमी होतो. म्हणून हा विषय शहरातल्या बायांचा आहे तसा आपल्या गावांचाही आहे.

आपल्या गटांसाठी

आता हे काम आपल्याही दारात आलंय. स्वच्छ भारत मिशनमधून ग्रामपंचायती घंटागाडी घेतात, कचरा वेगळा करायची शेड बांधतात, आणि पुष्कळ ठिकाणी ते काम बचत गटाला देतात. मानधन ठरतं, एखादं प्रशिक्षण होतं. तुमच्या गटाला हे काम मिळालं, किंवा कुठलंही दुसरं काम बघायला तुम्ही दौऱ्यावर निघालात, तर पुणे आणि बोगोटाच्या इतिहासातून चार गोष्टी पदरात बांधून घ्या.

एक, यजमान गटाला ‘काय करता’ एवढंच विचारू नका, ‘आधी काय होतं आणि ते कसं बदललं’ हेही विचारा. तयार ढकलगाडी बघून काही कळत नाही. ती गाडी मिळायला पंधरा वर्षं लागली, हे कळलं तर कळतं.

दोन, वजन आणि हिशोब आपल्या वहीत ठेवा. किती किलो, किती घरं, किती दिवस. सरपंच बदलतो, ग्रामसेवक बदलतो, वही राहते. पुण्यातल्या बायांना विमा वहीनं मिळवून दिला, आणि बोगोटात काट्याच्या नोंदीशिवाय पैसा मिळत नाही.

तीन, करार कुणाच्या नावावर आहे आणि माल विकून आलेले पैसे कुणाचे, हे आधी लेखी घ्या. गाडी ग्रामपंचायतीची, मजुरी तुमची आणि प्लास्टिक विकायचा हक्क मात्र तिसऱ्याचाच, असं होऊ देऊ नका. आणि तुमच्या गावात आधीपासून भंगार वेचणारी एखादी बाई असेल, तर गटाला काम मिळालं म्हणून तिला बाहेर काढू नका. तिला गटात घ्या. तिला काढलं तर कैरोच्या कंपन्यांनी केलं तेच आपण केलं असं होईल.

चार, दौऱ्याला पाठवताना प्रत्यक्ष हातानं काम करणारी बाई पाठवा. बोगोटाच्या परिषदेचं वेगळेपण हे होतं, की तिथं कचरा वेचणाऱ्यांबद्दल दुसरे कुणी बोलत नव्हते, कचरा वेचणारे स्वतः बोलत होते. हाताला काच लागलेली बाई दुसऱ्या देशातल्या बाईचा हातमोजा बघून जे विचारते ते साहेबाला सुचत नाही.

तुमच्या पुढच्या गटाच्या बैठकीत एवढंच करा. मागच्या पाच वर्षांत आपण कुठं कुठं दौऱ्याला गेलो, कोण गेलं, काय आणलं, त्यातलं काय टिकलं आणि जे टिकलं नाही ते का, याची यादी करा. ती आम्हाला कळवा. त्यातल्या गोष्टी पुढच्या कार्यक्रमात सगळ्यांना ऐकवू.